हसू कुणाचं, टाका कुणाचा?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या संघटनेच्या बैठकीला मी पिशवीतून एक लाल स्वेटर घेऊन गेले. बैठक नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा सुरू होणार होती. तेवढ्यात दोन ओळी होतील म्हणून मी सुई काढली. स्वेटरवर अर्धवट झालेला सांताक्लॉज होता. पहिली प्रतिक्रिया आली, "काय गं, एम.एस.डब्ल्यू. करून शेवटी भरतकामच?" दुसरी म्हणाली, "बायकांना शिवण-टिपणाच्या वर्गांतून बाहेर काढायला आपण इतकी वर्षं भांडतोय, आणि तू परत आत चाललीस!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण ते हसणं लोकलमध्ये माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. खरं तर तो स्वेटर हसण्यासाठीच होता. मग मला टोचलं काय? विचार करता करता लक्षात आलं, की या स्वेटराभोवतीचं हसू एक नाही, तीन-चार प्रकारचं आहे, आणि त्यातलं बहुतेक आपल्यावरच आहे.

आधी स्वेटराची गोष्ट सांगते. माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये, हिंसाचारामुळे घर सोडलेल्या बायकांच्या निवाऱ्यात काम करते. तिकडे डिसेंबरात एक दिवस ऑफिसात सगळ्यांनी विनोदी स्वेटर घालून यायचं, अशी पद्धत आहे. लाल नाकाचं रेनडिअर, डोळे वटारलेला बर्फाचा माणूस, लोंबणारे गोंडे, चकचकीत टिकल्या, जितकं भडक तितकं चांगलं. मैत्रिणीनं लिहिलं, "मला दुकानातला नको. तू करून पाठव. तुझी भेट म्हणून. मात्र हसू यायला हवं."

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. २००१ सालच्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' या सिनेमात नायक नववर्षाच्या मेजवानीत रेनडिअरचं तोंड असलेला स्वेटर घालून उभा राहतो आणि नायिकेचा चेहरा पडतो. प्रेक्षक हसतात. २००२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दोन तरुणांनी 'कुरूप नाताळ-स्वेटर' घालून येण्याची पार्टी भरवली आणि ती कल्पना पसरत गेली. ब्रिटनमध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेनं २०१२ पासून जंपर डे सुरू केला. स्वेटर घालायचा आणि मुलांच्या कामासाठी थोडे पैसे द्यायचे. त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही. पण विनोद चालतोय म्हटल्यावर बाजार मागे कसा राहील? जे पूर्वी चुकून कुरूप व्हायचं, ते आता कारखान्यात ठरवून कुरूप बनू लागलं. २०१९ साली हबब या ब्रिटिश संस्थेनं नाताळचे स्वेटर तपासले, तेव्हा बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे निघाले, आणि पाचातले दोन स्वेटर त्या सणात एकदाच अंगावर चढतात असंही त्यांना आढळलं. एका दिवसाचं हसू, आणि मग कचरा.

आता विचारू या, हसायचं कुणाला?

दुकानानं कुरूपतेचा ठेका घेण्यापूर्वी असा स्वेटर कुठून यायचा? या सगळ्या विनोदात एक पात्र न दिसता हजर असतं. ते म्हणजे हौशी मावशी किंवा आजी. तिनं महिनाभर बसून विणलेला, बाह्या जरा लांब झालेला, रंग जरा जास्तच झालेला स्वेटर. तिला वाईट वाटू नये म्हणून एकदा अंगात घालायचा आणि मित्रांत गेल्यावर तिच्या हौसेला हसायचं. पार्टीत स्वेटर घातलेला माणूस हसवतो, पण हसतात ते त्या बाईच्या आवडीला, तिच्या श्रमाला आणि तिच्या वेळेला. ती तिथे नसतेच. तिला बोलावलेलंही नसतं.

हे ऐकून "तिकडचं सोडा" असं म्हणू नका. आपल्याकडची रुखवतं आठवा. क्रॉसस्टिचचं 'सुस्वागतम्', मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, टीव्हीवर घालायचं झालरीचं कव्हर. मुलगी बघायला आले की विचारायचं, "भरतकाम येतं का?" येत नसेल तर बोट मोडायचं. येत असेल तर लग्नात चारचौघांसमोर मांडायला लावायचं. आणि दहा वर्षांनी नव्या सोफ्यावर बसून त्याच रुमालांना हसायचं, "आमच्या हिची कलाकुसर बरं का!" आधी सक्ती, मग परीक्षा, मग टिंगल. तिन्ही वेळा निकाल देणारे दुसरेच.

रोझिका पार्कर या लेखिकेनं १९८४ साली 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या पुस्तकात नेमकं हेच इंग्लंडच्या इतिहासातून दाखवलं. भरतकाम शिकवता शिकवता मुलींना गप्प बसणं, मान खाली घालणं आणि वाट बघणं शिकवलं गेलं. पण त्याच सुईनं बायकांनी आपलं म्हणणंही मांडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या बैठकीतल्या मैत्रिणींना पहिली दिसली, दुसरी दिसली नाही, इतकंच.

त्यांचा आक्षेप मी उडवून लावत नाही. 'महिला विकास' म्हटलं की शिलाई मशीन, पापड, लोणचं, एवढ्यावरच योजना थांबतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या विरोधात बोललंच पाहिजे. पण योजना चुकीची होती म्हणून सुई हलकी ठरत नाही. सुईला हसण्याची सवय आपल्याला लागली ती चळवळीतून नव्हे. बायका करतात ते हलकं, हे आपण घरात शिकलो. ते विसरायचं राहून गेलं.

तर मी ठरवलं, विनोद करायचा, पण निशाणा बदलायचा.

सांताक्लॉजची दंतकथा तुम्हाला माहीत आहे. म्हातारा मुलांची यादी करतो, कोण शहाणं, कोण खोडकर ते तपासतो आणि एका रात्रीत सगळ्यांना भेटी वाटतो. नाव त्याचं, दाढी त्याची, कौतुकही त्याचं. प्रत्यक्षात ही यादी कोण करतं? मिकाएला डी लिओनार्डो या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली 'साइन्स' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांबद्दल एक लेख लिहिला. कुणाला कार्ड पाठवायचं, कुणाला फोन करायचा, सणाला कुणाला बोलवायचं, कुणासाठी काय घ्यायचं, हे सगळं लक्षात ठेवणं आणि पार पाडणं हेही काम आहे, आणि ते बायकाच करतात, असं त्यांनी दाखवलं. नाती टिकवण्याच्या या कामाला त्यांनी वेगळं नाव दिलं. त्याला आपण 'नात्यांची कामं' म्हणू. हे स्वयंपाकात मोजलं जात नाही, मूल सांभाळण्यात मोजलं जात नाही. 'आवड' म्हणून सोडून दिलं जातं.

आपल्या दिवाळीत वेगळं काय आहे? नणंदेची भाऊबीज, सासूच्या बहिणीचा फराळाचा डबा, शेजारच्या आजारी माणसासाठी बिनसाखरेचे लाडू. नवऱ्याच्या भावाचा वाढदिवस वहिनीच्या लक्षात. आमच्या संस्थेतली एक सहकारी वसईची ख्रिस्ती आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे नाताळात स्वेटर लागत नाही, पंखा लागतो. पण आठवडाभर आधीपासून रात्री जागून गोडधोड करायचं ते आईनं आणि मावशीनंच. घरोघरी ताटं पोचवायची यादी आईच्या डोक्यात. डॅडी फक्त तारा लावतात आणि सगळे म्हणतात, काय सुंदर तारा!" २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानं सांगितलं, की दिवसभरात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचं प्रमाण ८१ टक्के, पुरुषांचं २६ टक्के, आणि जे करतात त्यांतही बाईची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. याद्या डोक्यात वागवण्याची मिनिटं यात कितीशी आली असतील?

म्हणून माझ्या स्वेटरवरचा सांता बाह्या सरसावून मोरीत भांडी घासतो आहे. त्याची बायको खुर्चीत बसून गरम पाण्याच्या टबात पाय सोडून पेपर वाचते आहे. एका रेनडिअरच्या शिंगांवर मोजे वाळत घातलेत. आणि खाली मराठीत लिहिलंय, 'यादी कुणी केली?' मैत्रिणीला म्हटलं, अर्थ तू समजावून सांग. तेवढं तरी तुझ्याकडे काम राहू दे.

आता हे करायला काय लागतं तेही सांगते, कारण हसणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. स्वेटर विणीचा, म्हणजे ताणणारा. त्यावर सुती कापडासारखं सरळ भरतकाम होत नाही. मागून पातळ बुकरम टाचून घ्यावं लागतं. सुई मोठ्या डोळ्याची आणि बोथट हवी, नाहीतर लोकरीचा धागा चिरतो. रिंग घट्ट आवळली तर वीण पसरते, दोरा ओढला तर आक्रसते. सांताची दाढी मी गाठीच्या टाक्यांनी भरली. तळहाताएवढ्या दाढीला दोन रात्री गेल्या. बाईचा चष्मा साखळी टाक्यानं केला, तो तिसऱ्यांदा उसवल्यावर जमला. भांडी चमकावीत म्हणून टिकल्या लावायच्या होत्या, तिथे मात्र माझा हात थांबला. वहीत मी तास लिहून ठेवत होते. एकूण २६ झाले.

आणि हे २६ तास माझ्याकडे आले कुठून? मला पगार आहे. रविवार सुटीचा आहे. त्या रात्रींचा स्वयंपाक माझ्या आईनं केला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही.

टिकल्यांसाठी मी वस्तीतल्या आमच्या गटातल्या एका बाईकडे गेले. ती घरी बसून कपड्यांवर टिकल्या-मणी लावण्याचं काम करते. ठेकेदार गठ्ठा आणून टाकतो आणि नगावर पैसे देतो. एका नगाचे पैसे वडापावच्या किमतीला पोचत नाहीत. टिकली वाकडी लागली तर नग परत, पैसे कापून. कपडा कुणाचा, कुठे जाणार, किती किमतीला विकणार, हे तिला कधी कळत नाही. ठेकेदार बदलला तर मागच्या महिन्याचे पैसे कुणाकडे मागायचे, तेही कळत नाही.

ती एकटी नाही. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून सिद्धार्थ कारा यांचा भारतातल्या घरबसल्या कपडेकामाबद्दलचा अहवाल निघाला. त्यांनी १,४५२ कामगारांशी बोलून माहिती गोळा केली. जवळजवळ सगळ्या बायका आणि मुली. भरतकाम, मणी, गोंडे, बटणं, अशी अखेरची सजावट त्यांच्या हातची. त्यांतल्या अनेकींची कमाई ताशी अवघी १५ सेंट. माल बराचसा अमेरिका-युरोपच्या दुकानांत जाणारा. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवावं असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे १९८८ सालच्या 'श्रमशक्ती' अहवालानं, इलाबेन भट यांच्या अध्यक्षतेखाली, या बायका कामगार आहेत हे ठणकावून सांगितलं होतं. तरी आजही तिच्या दारावर गठ्ठा टाकणारा म्हणतो, "घरबसल्या टाइमपास होतो ना ताई, वर पैसेही मिळतात."

बघा, इथेही तीच भाषा. मावशी विणते ती हौस. आई यादी करते ती आवड. ही टिकल्या लावते तो टाइमपास. बाईच्या हातातलं काम एकदा हलकं ठरवलं, की ते फुकट मागता येतं, स्वस्तात घेता येतं आणि वर त्याला हसताही येतं. हसणं आणि लुटणं यांची नाळ अशी एकच आहे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

त्या बाईनं माझ्या सांताच्या भांड्यांना तीन तासांत अशा टिकल्या लावल्या, की मोरी लखलखली. चित्र बघून ती खूप हसली. म्हणाली, "आमच्या घरात हा फोटो लावला तर माझा माणूस जेवणार नाही." मी तीन तासांचे पैसे पुढे केले. तिनं हात मागे घेतला. "तुमची भेट आहे ना मैत्रिणीला? मग माझी का नको?" मी तत्त्वाचं बोलू लागले, श्रमाचं मोल वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, ठेकेदाराचं काम करते तेव्हा हात माझा असतो, काम माझं नसतं. हे मी मजेनं केलं. मजा करायचीसुद्धा तुम्हाला विचारून का?" मी गप्प झाले. मग तीच म्हणाली, "पण रोज रोज मजेनं करायला लावू नका हं."

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला हे कुणी इतकं नेमकं शिकवलं नव्हतं. जिचा वेळ तिचा स्वतःचा आहे, तिलाच भेट देता येते. बाकीच्यांकडून जे घेतलं जातं ती वसुली. बाई प्रेमानं करते म्हणून ते फुकट घ्यायचं, ही पितृसत्तेची जुनी युक्ती. पण बाईनं प्रेमानं काही करूच नये, प्रत्येक टाक्याची पावती फाडावी, हे काही त्याचं उत्तर नव्हे. देण्या-न देण्याचा अधिकार तिच्या हातात आला पाहिजे, हे उत्तर.

"हलकं घ्या हो, विनोद आहे!" असं म्हणणारे आता पुढे येतीलच. बायकांना विनोद कळत नाही, चळवळीतल्यांना तर मुळीच नाही, हा त्यांचा लाडका समज. त्यांना इतिहास सांगावा लागेल. १९१२ साली मताधिकारासाठी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात गेलेल्या बायकांनी एका रुमालावर ६६ सह्या आणि आद्याक्षरं भरली. गुणी मुलीनं करायचं कशिदाकाम बंडखोरांनी पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर केलं. यापेक्षा झणझणीत थट्टा कोणती? २१ जानेवारी २०१७ ला अमेरिकेत मोर्चाला निघालेल्या लाखो बायकांत कितीतरी जणींच्या डोक्यावर मांजरीच्या कानांच्या गुलाबी टोप्या होत्या, हातानं विणलेल्या, पुष्कळशा अनोळखी बायकांनी एकमेकींना भेट दिलेल्या. त्यांच्या नव्या राष्ट्राध्यक्षानं बाईच्या शरीराबद्दल वापरलेला घाणेरडा शब्द त्यांनी विणून त्याच्या तोंडावर परत फेकला. त्या टोपीत सगळ्या बायका सामावत नाहीत, अशी टीका तिथल्याच कृष्णवर्णीय आणि ट्रान्स बायकांनी केली, तीही ऐकण्यासारखी होती. आपली ओवी, आपले उखाणे काय कमी तिखट असतात? विनोद आपल्याला चांगला कळतो. फक्त तो कुणावर करायचा, हे आता आम्ही ठरवू.

डिसेंबरात मैत्रिणीचं पत्र आलं. स्वेटर गाजला. सगळ्या पोट धरून हसल्या. मग तिनं अर्थ सांगितला, 'यादी कुणी केली?' तेव्हा एकीनं सहज विचारलं, "आपल्या आजच्या पार्टीची यादी कुणी केली गं?" शांतता पसरली. कारण त्या ऑफिसात सगळ्या बायकाच, सगळ्या स्त्रीवादी. आणि तरीही खरेदी, केक, कागदी पेले, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत त्याची नोंद, हे सगळं केलं होतं अर्धवेळ काम करणाऱ्या, सर्वांत कमी पगाराच्या बाईनं. कामाची वेळ संपल्यावर.

पत्र मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. पुन्हा सगळ्या हसल्या, आणि मग एकेकीची नजर चहाच्या पातेल्याकडे गेली. आमच्या बैठकीचा चहा कोण करतं, हे मी इथे लिहीत नाही. तुमच्या बैठकीचा कोण करतं, ते तुम्ही आठवा.

तेव्हा मैत्रिणींनो, स्वेटर करा, रुमाल करा, वाटेल ते करा. पण केलेले तास लिहून ठेवा. माझ्या स्वेटरच्या आत गळ्याशी मी एक पट्टी शिवली आहे: '२६ तास माझे, ३ तास तिचे. भेट आहे, फुकट नाही.' दुकानातला हातकामाचा कपडा घेताना विचारा, हे कुणाच्या हातचं, तिला काय मिळालं? दुकानदाराला उत्तर येणार नाही, तरी विचारा. घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या संघटनांबरोबर दरासाठी उभ्या राहा. आणि कुणाच्या आजीच्या विणकामाला कुणी हसू लागलं, तर त्याच्या हातात सुई द्या. गाठीचे दहा टाके घालून दाखव म्हणावं, मग हसू आपण मिळून.